सोळा तारखेचा उलटा सहा

टकळीला टकळी हे नाव तिच्या आत्यानं ठेवलं होतं. बोलायला सुरुवात केली की ही मुलगी श्वास कधी घेते, हेच कुणाला कळायचं नाही. वर्गात त्यासाठी तिला निम्मं वर्ष बाकावर उभं राहावं लागलं होतं. त्यामुळे जुन्या पोस्टाच्या इमारतीचं उद्‌घाटन ठरलं आणि पाहुण्यांना इमारत दाखवायला शाळेतून मुलं निवडायची वेळ आली, तेव्हा इतिहासाच्या बाईंनी सगळ्यात आधी तिचं नाव घेतलं, याचा तिला केवढा आनंद झाला! म्हणजे तोंडाचा पट्टा कधीतरी कामाला येतो तर!

इमारत शंभरावर वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी पोस्ट तिथून उठून बसस्थानकामागच्या भाड्याच्या गाळ्यात गेलं आणि इमारतीत कबुतरं राहायला आली. मग ती वारसा यादीत लागली, समिती नेमली गेली, कबुतरं हाकलली गेली आणि आता तिथं प्रदर्शन आणि कॉफीचं दुकान होणार होतं. समितीच्या साहेबांनी इमारतीच्या इतिहासाची गुळगुळीत कागदावरची पुस्तिका काढली होती. ती तोंडपाठ करायची होती.

शुक्रवारी संध्याकाळी टकळी दिवाणावर उभी राहून घोकत होती. समोर श्रोत्यांत एकटी आत्या, मांडीवर मटारच्या शेंगांची परात घेऊन.

"घुमटाची उंची अठ्ठावन्न फूट! घड्याळाचा मोठा काटा साडेचार फूट! फरशी समुद्रापलीकडून आणलेली!"

"हळू गं. फरशीला ऐकू येतं."

"चाळीस वर्षांपूर्वीच्या महापुरात कार्यालय अकरा दिवस बंद होतं, परंतु तत्कालीन पोस्टमास्तरांच्या प्रसंगावधानामुळे सर्व मौल्यवान दस्तऐवज..."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

"काय होतं?" आत्या म्हणाली.

"प्रसंगावधान."

"त्याच्या आधी."

"अकरा दिवस बंद होतं."

आत्यानं परात खाली ठेवली. आत्या चिडली की भांडत नाही, ती उठून काहीतरी पुसायला लागते. आत्ता तिनं स्वच्छ असलेला ओटा पुसायला घेतला. टकळी उडी मारून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली. आत्यानं त्या पोस्टात पस्तीस वर्षं काढली होती. ती शिक्केवाली होती. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा, एवढंच तिचं काम, पण ते तिनं असं केलं की अजूनही तिच्या उजव्या खांद्याला थंडीत कळ लागते.

"आत्या, बंद नव्हतं का?"

"एक दिवससुद्धा नाही." फडकं ओट्यावर गोल गोल फिरत होतं. "नऊ तारखेला सकाळी पाणी शिरलं. आमच्या पोस्टमास्तर साहेबांनी बायकोमुलांना घेतलं आणि शेवटच्या बसनं निघून गेले. मागे राहिलो आम्ही चौघं. मी, वर्गवारीवाले काका आणि दोघं पोस्टमन. पुढच्या दालनात कमरेएवढं पाणी. शिक्क्यांची खोली सहा पायऱ्या वर, म्हणून ती तेवढी कोरडी. तिथंच जेवायचो, तिथंच झोपायचो. वाळूवाल्यांच्या नावेतून पिशव्या जायच्या."

"पण कुणाला सुचत होतं पुरात पत्रं लिहायला?"

"पुरातच सुचतं, वेडे. आम्ही छपरावर आहोत, आई ठीक आहे, धाकटा सापडला, औषध पाठवा. लोक चिठोऱ्यावर लिहून नावेत टाकायचे. तिकीट कुणाकडे होतं! काका म्हणाले, पत्रावर तारीख पडलीच पाहिजे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की माणूस कुठल्या दिवसापर्यंत जिवंत होता."

टकळीच्या डोक्यात तिडीक गेली. "मग हे बंद होतं कुणी लिहिलं?"

"साहेबांनीच. वीस तारखेला परत आले आणि अहवाल केला. उघडं होतं म्हणून लिहिलं असतं, तर ते कुठे होते तेही लिहावं लागलं असतं ना? अहवाल वर गेला, वरून शाबासकी खाली आली. त्यांना."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"आमची नोकरी होती, बाळा. आणि..." आत्या अडखळली. "जाऊ दे. तुला पुस्तिका पाठ करायचीय ना? कर."

घड्याळाच्या काट्याची लांबी लिहिली, फरशी कुठल्या जहाजातून आली ते लिहिलं, आणि चार जिवंत माणसं अकरा दिवस पाण्यात उभी होती हे लिहायला जागा नव्हती! टकळी त्या दिवशी जेवताना बोलली नाही. तिच्या बाबांनी तिला ताप तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी सगळ्या मुलांची इमारतीत तालीम होती. टकळी घुमटाखाली थांबलीच नाही. ती सहा पायऱ्या चढून थेट मागच्या खोलीत गेली.

खोली लहान होती. खिडकीजवळ शिक्के मारायचं जाड टेबल आणि टेबलाशेजारी लाकडी फळ्यांची अख्खी भिंत. त्या भिंतीवर, गुडघ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत आणि तिथून पुढे स्टूल पोचेल तिथपर्यंत, काळे गोल. हजारो. एकाला एक चिकटून, ओळीत, प्रत्येकात एक तारीख. ही त्या पोस्टाची जुनी रीत होती. आत्यानं तिला ती लहानपणी सांगितली होती. रोज सकाळी शिक्क्यातले तारखेचे खिळे, म्हणजे आकडे कोरलेले धातूचे तुकडे, बदलायचे आणि पहिला ठसा पत्रावर नाही, भिंतीवर मारायचा. भिंतीवर बरोबर उमटला, तरच पत्राला हात लावायचा. आत्याच्या आधीच्या शिक्केवाल्यांपासून हे चालत आलं होतं.

टकळी बोट फिरवत पुराच्या वर्षापाशी आली. खिडकीला लागून, तिच्या खांद्याच्या उंचीवर. आठ. नऊ. दहा. अकरा. बारा... एकही दिवस गाळलेला नव्हता! पंधराच्या पुढे मात्र एक विचित्र ठसा होता. तिथं एकोणीस होतं आणि त्यावर पेन्सिलनं फुली. मग सोळा, सतरा, अठरा आणि पुन्हा एकोणीस.

"सर! सर, इकडे या ना लवकर!"

समितीचे साहेब आले. गळ्यात चष्मा, काखेत नकाशांची गुंडाळी. माणूस वाईट नव्हता. मुलांना त्यांनी स्वतःच्या खिशातून बिस्किटं आणली होती. म्हणून तर टकळीला वाटलं की हे लगेच ऐकतील.

"हे बघा, नऊ ते एकोणीस, सगळ्या तारखा आहेत. पोस्ट बंद नव्हतं! माझी आत्या इथं होती. पुस्तिकेत चुकलंय."

साहेबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि हसले. "बाळ, शिक्क्यात हवी ती तारीख बसवता येते. कुणीही नंतर सवडीनं मारले असतील. हे बघ ना, पंधरानंतर एकोणीस, मग सोळा. रोजच्या रोज मारलेल्या शिक्क्यांत असा घोळ होईल का? नंतर मारताना गडबड झाली असणार. इतिहासाला कागद लागतो आणि कागद म्हणतो, बंद होतं."

"कागद पळून गेलेल्या माणसानं लिहिलाय!"

"आवाज," मागून बाई म्हणाल्या.

"आणि ही भिंत," साहेब नकाशा उलगडत म्हणाले, "सोमवारी घासून घेणार आहोत. खाली मूळ पिस्ता रंग आहे, फार सुंदर. या शाईच्या डागांनी पार वाया गेलाय."

डाग! टकळीनं तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

घरी येईपर्यंत मात्र सगळे शब्द परत आले आणि ते तिनं आत्यावर रिकामे केले. आत्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. फुलीवाल्या एकोणीसचं ऐकून तिच्या हातातला चिमटा खाली रस्त्यावर पडला.

"तो एकोणीस माझा आहे," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"सोळा तारीख होती. बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत अंधार, खाली नाववाला ओरडत होता, प्रवाह वाढतोय, लवकर आणा. मी सहाचा खिळा उलटा बसवला. शिक्क्यावरचे आकडे इंग्रजी, उलटा सहा म्हणजे नऊ. भिंतीवर ठसा मारला आणि पाहिलाच नाही. नुसता मारला. टेकडीवरच्या इस्पितळाची अख्खी पिशवी मी एकोणीस तारखेची करून पाठवली. नाव गेल्यावर वर पाहिलं, तर भिंतीवर एकोणीस." आत्या दोरी धरून उभी होती. "तुला सांगते, पत्राला चुकीची तारीख लावणं यासारखी लाज शिक्केवालीला दुसरी नाही. काकांनी फुली मारली, मी खिळा सुलटा केला आणि पुन्हा सोळा मारला. काका म्हणाले, कुणाला बोलायचं नाही. चाळीस वर्षं नाही बोलले."

"म्हणून गप्प बसलीस? या एका खिळ्यासाठी?"

"तक्रार केली असती तर पत्रं तपासायला मागवली असती. मग सगळ्यात आधी माझी चूक वर आली असती. आणि माझं सोड, काकांनी ती झाकली होती, त्यांची पेन्शन जवळ आलेली." आत्यानं ओला शर्ट उगाच पुन्हा पिळला. "शिवाय ती सिस्टर आहेच. भाजीवाल्याकडे दिसली की सगळ्यांदेखत विचारते, काय गं, उद्याची पत्रं आली का? मी तो रस्ताच सोडला."

सिस्टर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका. आत्या लांबचा वळसा घालून बाजारात का जाते, हे कोडं टकळीला लहानपणापासून होतं. ते आत्ता सुटलं. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरं काहीतरी पेटलं.

"आत्या, सिस्टरला कसं माहीत?"

"तिच्याही नावानं एक पत्र होतं त्या पिशवीत."

पायात चपला नीट घालायलाही टकळी थांबली नाही.

सिस्टरनं दार उघडलं आणि सगळं ऐकल्यावर ती इतकी हसली की तिला सोफ्याच्या हाताला धरून बसावं लागलं. "अगंबाई! ती अजून तेच मनात धरून बसलीय? मला वाटलं, गर्विष्ठ आहे, ओळख देत नाही. अगं, मी चेष्टा करत होते! तिचा हात धरून आभार मानायचे होते मला, पण ती दिसली की पसारच व्हायची."

"तुमच्याकडे ते पत्र..."

"आहे की. टाकून देईन का मी? माझ्या बहिणीचं होतं ते." सिस्टरनं कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत चिठ्ठ्या, फोटो आणि तळाशी एक पाकीट, पाण्यानं कडा सुरकुतलेलं. "आठ दिवस मला कळत नव्हतं ती आहे की गेली. वॉर्डात काम करत होते आणि रडत होते. मग हे आलं. लिहिलं होतं, 'आम्ही चौघं शाळेच्या गच्चीवर आहोत, तू जेवत जा.' बस, एवढंच."

टकळीनं पाकीट हातात घेतलं. वर काळा गोल, पुरातलाच महिना, तेच वर्ष आणि तारीख एकोणीस. तिनं ते उलटं केलं. मागे जांभळ्या शाईत इस्पितळाचा चौकोनी शिक्का होता. आवक, सतरा.

"आमच्या कार्यालयात आलेल्या प्रत्येक कागदावर तो पडायचा," सिस्टर म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं, एकोणीसला टाकलेलं पत्र मला सतराला मिळालं. कमाल आहे की नाही आपल्या पोस्टाची?"

टकळी जागच्या जागी उड्या मारायला लागली. साहेबांना कागद हवा होता ना? घ्या कागद! नंतर सवडीनं कुणी खोटे ठसे मारले, तर तो अशी चूक भिंतीवर कशाला मारेल, आणि तीच चूक इस्पितळातल्या पाकिटावर कशी जाईल?

पण आत्या यायला तयार होईना. रविवारचा सगळा दिवस टकळीनं विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, पाय आपटून पाहिले. "पाकीट घेऊन जा," आत्या एवढंच म्हणत होती. "मला नको नेऊस. पस्तीस वर्षं एक चूक नाही म्हणून निरोप समारंभात हार घातलाय मला त्यांनी."

"आणि पुस्तिकेत तुला घरी बसवलंय त्यांनी! ते चालतं?"

त्यावर आत्यानं कपाट पुसायला घेतलं.

सोमवारी सकाळी टकळी आणि सिस्टर दोघीच गेल्या. पायऱ्यांवरच त्यांना आवाज आला. खर्र, खर्र. दोन कामगार घासण्याचं यंत्र घेऊन आठलाच सुरू झाले होते. दाराकडच्या तीन फळ्या गोऱ्यापान झाल्या होत्या. नाही, पिस्ता. किती वर्षं होती त्या तीन फळ्यांवर? कुणाकुणाचे हात? जमिनीवर काळपट भुसा पडला होता आणि त्यात त्यांच्या चपलांचे ठसे उमटले होते.

"थांबवा!" टकळी किंचाळली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात पसरून. यंत्र बंद झालं. शेजारच्या दालनातून साहेब धावत आले.

"बाळ, हे काय? बाजूला हो, लागेल."

"आधी हे बघा."

साहेबांनी पाकीट पाहिलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. "गंमतशीर आहे," ते म्हणाले. "पण इस्पितळाची तारीख चुकली नसेल कशावरून? दोन शिक्के जुळत नाहीत, एवढंच यातून दिसतं. सोळाचा एकोणीस झाला, असं कोण सांगणार?"

"मी सांगणार."

आत्या दारात उभी होती. ठेवणीतली साडी, केसांची घट्ट वेणी, आणि धाप लागलेली. त्या सहा पायऱ्या ती नऊ वर्षांनी चढली होती. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही. ती आधी त्या तीन घासलेल्या फळ्यांपाशी गेली, हात फिरवला आणि हाताला लागलेला भुसा पदराला पुसला.

"ती चूक माझी आहे," ती म्हणाली. शब्द खणखणीत येत होते. "सहाचा खिळा मी उलटा बसवला. चाळीस पत्रं चुकीच्या तारखेची गेली. तुम्हाला शिक्षा करायची तर करा. पण मी चुकले, कारण मी इथं होते. जो इथं नव्हता त्याची एकही चूक सापडणार नाही तुम्हाला. त्यानं काही केलंच नाही, तर चुकणार कुठं?"

कामगारांपैकी एकानं यंत्राची वायर हळूच काढून गुंडाळायला घेतली.

सिस्टर पुढे झाली आणि तिनं आत्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "उद्याचं पत्र वेळेवर पोचलं होतं गं," ती म्हणाली. आत्या आधी रागानं बघायला लागली आणि मग दोघीही एकदम रडायला आणि हसायला लागल्या. टकळीला कळेना आपण कशात सामील व्हावं, म्हणून ती दोन्हींत झाली.

साहेबांनी भिंत ठेवली. हे त्यांचं मोठेपण म्हणून सगळ्यांनी कौतुकही केलं. पुस्तिका मात्र छापून झाली होती. आणि दाराशेजारची पितळी पाटी? तिच्यावर तेच वाक्य होतं, अकरा दिवस बंद. "पितळ ओतून झालंय," साहेब म्हणाले. "पुढच्या दुरुस्तीत बघू." म्हणजे आणखी शंभर वर्षांनी!

पण खरा कळस उद्‌घाटनाच्या दिवशी झाला. सव्वीस तारीख. पाहुणे यायला अर्धा तास होता. टकळी गणवेशाला इस्त्री करून, वेण्यांना नवी फीत बांधून, आत्या आणि सिस्टरला घेऊन शिक्क्यांच्या खोलीत आली, तर भिंतीवर नवी पट्टी चिकटवलेली. "पूरकाळातील दैनंदिन ठसे. अज्ञात कर्मचारी."

"अज्ञात?" टकळीचा आवाज घुमटापर्यंत गेला असणार. "सर, अज्ञात? ही काय, ही तुमच्यासमोर उभी आहे! हिला तुम्ही परवा चहा दिलात!"

साहेब ओशाळले, पण मागे हटेनात. "नावं कुठल्याच नोंदीत नाहीत, बाळ. हजेरीपुस्तक पुरात गेलं. पाटीवर लिहायचं तर नोंदीचा आधार लागतो."

आत्यानं आजूबाजूला पाहिलं. तिथं ओटा नव्हता आणि फडकंही नव्हतं, त्यामुळे तिला पुसायला काही सापडलं नाही. ती टेबलाकडे गेली. टेबलावर काचेची पेटी मांडायचं काम चालू होतं. काच अजून लावायची होती, आणि आत मखमलीवर तिचा पितळी शिक्का ठेवला होता. शेजारी खिळ्यांची डबी आणि शाईची गादी. तिनं शिक्का उचलला.

"अहो, त्याला हात..." साहेब म्हणाले.

"तुमच्या आधीपासून माझा हात आहे त्याला," आत्या म्हणाली.

तिनं डबीतून दोनचा खिळा काढला. मग सहाचा. सहा तिनं खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले, अंगठ्यानं चाचपला आणि टकळीला दाखवला. "पोट कुठे आहे?"

"खाली," टकळी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, आत्या."

गादी कोरडी होती. सिस्टरनं पाण्याच्या बाटलीतले चार थेंब टाकले. आत्यानं शिक्का दाबला, खांदा मागे नेला आणि भिंतीवरच्या शेवटच्या गोलाशेजारी, नऊ वर्षं मोकळ्या राहिलेल्या जागेवर मारला. धप्. मग तिनं साहेबांच्या खिशातलं पेन न विचारता घेतलं आणि ठशाखाली चार नावं लिहिली. आधी वर्गवारीवाल्या काकांचं, मग दोघा पोस्टमनांची. तिघंही आता या जगात नव्हते. सगळ्यात खाली स्वतःचं. बारीक, शाळकरी अक्षरात.

"घ्या," तिनं पेन परत केलं. "झाली नोंद."

साहेबांनी त्या ओल्या शाईकडे बघितलं. काढा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण टकळी भिंतीसमोर येऊन उभी राहिली होती, हात पसरून, सोमवारसारखीच. त्यांनी तोंड मिटलं. मग भिंतीवरची पट्टी एका कोपऱ्यातून सोलून काढली आणि खिशात टाकली.

खाली गाड्या लागल्याचा आवाज आला. बाईंनी हाक मारली. टकळी पायऱ्या उतरून धावत दाराशी गेली आणि पाहुण्यांपुढे ताठ उभी राहिली. घुमट, काटा, फरशी, सगळं तिला पाठ होतं. तिनं त्यातलं काहीच म्हटलं नाही.

"नमस्कार," ती म्हणाली. "माझ्या उजव्या हाताला ही पितळी पाटी आहे. हिच्यावरची शेवटची ओळ खोटी आहे. खरी ओळ आत आहे, सहा पायऱ्या वर. आणि ती लिहिणारी बाई आत्ता तिथंच उभी आहे, तेव्हा चला लवकर, तिची शाई अजून वाळलेली नाही."